दुभंगलेला मेंदू आणि 'मी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. दुभंगलेल्या मेंदूचा तास झाला की वर्ग रिकामा व्हायचा नाही, मुलं टेबलाभोवती गोळा व्हायची. आता निवृत्त होऊनही प्रश्न थांबलेले नाहीत. कुणी फोन करतं, कुणी रंकाळ्यावर फिरताना गाठतं, कुणी घरातल्या आजारपणामुळे विचारतं. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मेंदू दुभंगतो म्हणजे काय? डोकं उघडून मेंदूचे दोन तुकडे करतात का?

तुकडे करत नाहीत. मेंदूचा वरचा मोठा भाग मुळातच दोन अर्ध्यांचा असतो, अक्रोडाच्या गरासारखा. डावा अर्धा शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल आणि स्पर्श सांभाळतो, उजवा अर्धा डाव्या बाजूची. दोघांच्या मधे, खोलात, मज्जातंतूंचा एक जाड पांढरा पट्टा आहे. त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. लांबी साधारण १० सेंटिमीटर, आणि आत २० कोटींच्या आसपास तंतू. पुढे मी त्याला 'सेतू' म्हणणार आहे. शस्त्रक्रियेत कापला जातो तो हा सेतू.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवून बघा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि कितीतरी दिवस रस्ता बंद राहिला. पाण्याच्या दोन्ही बाजूंना चुली पेटत होत्या, माणसं निर्णय घेत होती, जगणं चालू होतं. फक्त इकडचं तिकडे जात नव्हतं. सेतू कापल्यावर दोन अर्ध्यांचं बरंचसं असंच होतं. एक फरक मात्र विसरू नका. मेंदूचा खालचा भाग, म्हणजे मेंदूचा देठ आणि त्याच्या आसपासची केंद्रं, जोडलेलीच राहतात. झोप, जाग, श्वास, भीतीने उठणारी धडधड हे दोन्ही अर्ध्यांचं सामाईकच असतं. प्रश्न ११ मध्ये याची गरज लागेल.

२. इतकी भयंकर शस्त्रक्रिया कुणी कशासाठी करून घेईल?

फिट्ससाठी. अपस्मारात मेंदूच्या एका भागात विजेचं वादळ उठतं आणि सेतूवरून दुसऱ्या अर्ध्यात पसरतं. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी पुरत्या आटोक्यात येत नाहीत. त्यातल्या काहींना दिवसातून अनेकदा, काही कळायच्या आत, उभ्या उभ्या कोसळायला होतं. दात पडतात, कपाळ फुटतं. अशा माणसाला शस्त्रक्रिया नव्हे, रोजचं जगणं 'भयंकर' वाटत असतं.

अमेरिकेत रॉचेस्टर इथले शल्यचिकित्सक विल्यम व्हॅन वॅगेनेन यांनी १९४० च्या सुमारास पहिल्यांदा माणसात हा सेतू कापला. नंतर त्या रुग्णांना अँड्र्यू अकेलायटिस यांनी तपासलं. त्यांना विशेष बदल आढळला नाही. वीस कोटी तंतू कापले आणि काही बिघडलं नाही, तर हा पट्टा आहे तरी कशाला, असं कोडं पडलं. ते सुटायला मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यावे लागले. त्यांनी रोनाल्ड मायर्स यांच्याबरोबर मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की सेतू कापलेल्या मांजराचा एक अर्धा जे शिकतो ते दुसऱ्याला माहीत नसतं. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जोसेफ बोगन आणि फिलिप व्होगेल यांनी दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या एका माजी छत्रीसैनिकावर ही शस्त्रक्रिया केली. शास्त्रीय लेखनात तो डब्ल्यू. जे. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. स्पेरींचे तरुण विद्यार्थी मायकेल गझानिगा यांनी त्याला शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासलं. अकेलायटिसना जे सापडलं नव्हतं ते इथे सापडलं, कारण प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली होती (प्रश्न ५). स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं.

३. आजही करतात का? घरी फिट येणारं माणूस आहे, आम्ही काय करावं?

करतात, पण क्वचित, आणि अनेकदा आधी सेतूचा पुढचा भागच कापतात. आता औषधं वाढली आहेत, मानेतल्या व्हेगस नसेला विजेचे हलके ठोके देणारं यंत्रही आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियांसाठी तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, दिल्लीचं एम्स, बंगळूरचं निम्हान्स ही नावाजलेली ठिकाणं आहेत. सुरुवात मात्र जवळच्या न्यूरॉलॉजिस्टपासून करा.

आणि घरी फिट आली तर कांदा हुंगवू नका, चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका. माणसाला कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. हे मी प्रत्येक तासाला सांगत आले आणि तरी चप्पल निघतेच, म्हणून इथेही लिहिते.

४. डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो, बरोबर ना?

नाही. वर्गात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट हीच. प्रत्येक डोळ्यातून दोन्ही अर्ध्यांकडे तंतू जातात. वाटणी डोळ्यांची नाही, समोरच्या दृश्याची आहे. तुम्ही अंबाबाईच्या देवळाच्या शिखराच्या टोकावर नजर रोखलीत तर टोकाच्या डावीकडचं सगळं, दोन्ही डोळ्यांतून, मेंदूच्या उजव्या अर्ध्यात पोचतं, आणि उजवीकडचं डाव्या अर्ध्यात. म्हणून एक डोळा झाकून काही साधत नाही. पुढचे सगळे प्रयोग या वाटणीवर उभे आहेत.

५. प्रयोगात नेमकं काय दिसलं?

माणसाला पडद्याच्या मध्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगायचं आणि ठिपक्याच्या एका बाजूला चित्र किंवा शब्द क्षणभर चमकवायचा, सेकंदाच्या साधारण सातव्या-आठव्या हिश्शाइतका. तेवढ्यात नजर वळवता येत नाही, म्हणून चित्र एकाच अर्ध्याला दिसतं. बहुतेक माणसांत बोलण्याचं काम डाव्या अर्ध्याकडे असतं (डावखुऱ्यांसाठी प्रश्न १५).

समजा उजव्या बाजूला 'चमचा' चमकला. रुग्ण लगेच सांगतो, चमचा. डाव्या बाजूला चमकला, म्हणजे तो उजव्या अर्ध्यानं पाहिला, तर रुग्ण म्हणतो, काही दिसलं नाही. तो खोटं बोलत नाही. बोलणाऱ्या अर्ध्यानं खरंच काही पाहिलेलं नाही. आता त्याचा डावा हात पडद्यामागे घालू द्या, तिथे चाव्या, पेन्सिल, चमचा, कात्री ठेवा आणि निवडायला सांगा. हात चाचपडतो आणि चमचा उचलतो. हातात काय आहे विचारलं तर तोंडाला सांगता येत नाही.

मला हा प्रयोग शिकवताना दरवेळी थांबावंसं वाटायचं. तोंड म्हणतं 'काही दिसलं नाही', आणि त्याच माणसाचा हात उत्तर धरून बसलेला असतो.

तुम्ही घरी करून बघण्यासारखंही एक आहे. एकाच वेळी एका हातानं वर्तुळ आणि दुसऱ्यानं चौकोन काढा. वर्तुळाला कोपरे येतात, चौकोन गोल होतो. सेतू कापलेल्या रुग्णांना दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या एकदम काढणं आपल्यापेक्षा कितीतरी सोपं जातं, असं १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यांच्यात एका हाताची आखणी दुसऱ्याच्या आखणीत लुडबुडत नाही.

६. अशा माणसाला स्वतःला कसं वाटतं? आपण दोन झालो असं वाटतं का?

असं वाटत असल्याचं ते सांगत नाहीत. घरच्यांनाही माणूस तोच वाटतो, तोच स्वभाव, त्याच आठवणी, तेच बोलणं. रोजच्या जगात डोळे फिरतात, मान वळते, आवाज दोन्ही कानांना येतो, त्यामुळे एकच माहिती दोन्ही अर्ध्यांपर्यंत आपापल्या वाटेनं पोचत राहते.

काहींना शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत हातांचं भांडण सोसावं लागतं. उजवा हात शर्टाची बटणं लावतो, डावा सोडतो. एकानं विजार वर ओढावी आणि दुसऱ्यानं खाली, असंही नोंदलेलं आहे. बहुतेकांत हे हळूहळू ओसरतं.

'वाटत नाही' हे उत्तर मात्र कोण देतं, ते बघा. ते बोलणारा अर्धा देतो. त्याला दुसऱ्याची उणीव जाणवत नाही, कारण उणीव जाणवायलाही दुसऱ्याची बातमी यावी लागते.

७. कोंबडीच्या पायाचा आणि फावड्याचा किस्सा काय आहे?

१९७० च्या दशकात गझानिगा आणि जोसेफ लडू यांनी पी. एस. नावाने नोंदलेल्या एका किशोरवयीन रुग्णाला एकाच वेळी दोन चित्रं दाखवली. उजव्या बाजूला, म्हणजे डाव्या अर्ध्याला, कोंबडीचा पंजा. डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या अर्ध्याला, बर्फानं वेढलेलं घर. मग समोर मांडलेल्या चित्रांतून जुळणारं निवडायचं होतं. उजव्या हातानं कोंबडी दाखवली. डाव्या हातानं फावडं दाखवलं, बर्फ उपसायचं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर.

मग त्याला विचारलं, फावडं का? उत्तर तोंड देणार, म्हणजे डावा अर्धा. त्यानं बर्फ पाहिलाच नव्हता. 'माहीत नाही' म्हणणं खरं झालं असतं. मुलानं न अडखळता सांगितलं की पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं.

गझानिगांनी डाव्या अर्ध्यातल्या या यंत्रणेला 'अर्थ लावणारा' असं नाव दिलं. तो समोर दिसलेल्या कृतीला पटेल अशी गोष्ट जोडतो. ती गोष्ट रचलेली आहे हे त्याला स्वतःला कळत नाही, आणि मला तरी या साऱ्या संशोधनातली सगळ्यात हादरवणारी गोष्ट हीच वाटते. दुसऱ्या वेळी उजव्या अर्ध्याला 'चाल' असा शब्द दाखवला तर रुग्ण उठून चालू लागला, आणि कुठे निघालास म्हटल्यावर म्हणाला, थंड पेय आणायला.

८. ते आजारी होते. आमचा सेतू शाबूत आहे. आम्हाला हे कसं लागू होईल?

तुमचा सेतू शाबूत आहे म्हणून तुमच्या अर्थ लावणाऱ्याला बातम्या जास्त मिळतात. सगळ्या मात्र मिळत नाहीत. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी लिहिलेला एक प्रयोग बघा. दुकानात पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीनं टांगल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातला चांगला कुठला. लोकांचा कल मोठ्या प्रमाणात अगदी उजवीकडच्या जोडीकडे होता. कारण विचारल्यावर वीण, पोत, तलमपणा सांगितला. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. जागेमुळे निवडलं असेल का, असं सुचवलं तर लोकांना ते पटलंच नाही.

महाद्वार रोडला साडी घेताना मी हे स्वतःवर अनुभवलं आहे. आणि माझा एक विद्यार्थी तालमीत जायचा. त्यानं सांगितलेलं विसरत नाही. तो म्हणाला, "बाई, ढाक मारली तेव्हा मी काही ठरवलंच नव्हतं. समोरच्याचा पाय हलला आणि अंगानं डाव टाकला. वस्तादांनी विचारल्यावर मी सगळं विचार करून केल्यासारखं सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही तसंच वाटायला लागलं." इतकं स्वच्छ वर्णन मला पाठ्यपुस्तकात मिळालं नाही.

याचा अर्थ आपण सगळे सदा थापा मारतो असा नव्हे. बहुतेक वेळा आपली कारणं खरी असतात. पण खरं कारण सांगताना आणि रचलेलं सांगताना आतून येणारी खात्री सारखीच असते. म्हणून खात्री हा पुरावा धरता येत नाही.

९. मग एका डोक्यात दोन माणसं राहतात असं म्हणायचं का?

इथे मोठमोठ्यांचं एकमत नाही. स्पेरींचं मत होतं की सेतू कापल्यावर दोन स्वतंत्र जाणिवा शेजारी शेजारी नांदतात. नोबेल मिळवलेलेच जॉन एकल्स म्हणत की स्वतःची जाणीव बोलणाऱ्या अर्ध्यालाच असते, दुसरा बिनजाणिवेचं यंत्र. (मला हे मत पटत नाही, कारण प्रश्न १० मध्ये आहे.) १९७१ मध्ये तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांनी तिसरी वाट दाखवली. त्यांच्या मते 'इथे मनं किती' या प्रश्नाला पूर्ण आकड्यात उत्तरच नाही. एक म्हटलं तरी काही तरी सुटतं, दोन म्हटलं तरी. डेरेक पारफिट यांनी पुढे जाऊन म्हटलं की 'मी' नावाची वेगळी, अविभाज्य वस्तू मुळात शोधूच नका. अनुभव आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी धागे आहेत.

मला स्वतःला नेगल जवळचे वाटतात, आणि का ते मी प्रयाग चिखलीच्या संगमावर उभी राहून मुलांना सांगत असे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी गुप्त सरस्वती. तिथून पुढे आपण एक नाव घेतो, पंचगंगा. पाणी एक की पाच? नकाशा काढणाऱ्याला एक, वरच्या गावाला आपली कुंभी. आकडा पाण्यात कुठे लिहिलेला नाही. पाणी एकत्र वाहतं, तोवर मोजायची वेळ येत नाही. कुणी मधे भिंत घातली तर प्रश्न उभा राहतो, आणि तेव्हा लक्षात येतं की एकपण ही पाण्याच्या एकत्र वाहण्याची गोष्ट होती.

माझ्या मते मेंदूचं एकपण तसंच आहे. ते क्षणोक्षणी घडतं, २० कोटी तंतूंनी बातम्या पोचवल्या की घडतं, आणि कमीजास्तही होऊ शकतं. हे मला पटायला वेळ लागला. लहानपणापासून 'मी' म्हणजे आत बसलेला कुणी एक, असं धरून चाललेलं मन सहज सोडत नाही.

१०. जो अर्धा बोलतच नाही त्याला 'मी' आहे हे कशावरून?

त्याला बोलता येत नाही, दाखवता येतं. पी. एस.च्या उजव्या अर्ध्याला शब्द समजत, आणि डाव्या हातानं अक्षरांच्या ठोकळ्यांतून तो उत्तरं जुळवू शकत असे. उजव्या अर्ध्याला विचारलं, तू कोण? हातानं स्वतःचं नाव जुळवलं. मोठेपणी काय व्हायचं आहे असं विचारलं तर तोंडानं आराखडे काढणारा, म्हणजे ड्राफ्ट्समन, सांगितलं होतं. डाव्या हातानं मोटारशर्यतीचे शब्द जुळवले.

१९७९ मध्ये स्पेरी आणि झायडेल दांपत्यानं दोन रुग्णांच्या फक्त उजव्या अर्ध्याला फोटो दाखवले. त्यात त्यांचा स्वतःचा होता, घरच्यांचे होते, प्रसिद्ध माणसांचे होते. उजव्या अर्ध्यानं ओळखले, अंगठा वर-खाली करून पसंती-नापसंती दाखवली, आणि स्वतःचा फोटो अचानक समोर आल्यावर चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. लाजायला 'मी' लागतो.

सावधगिरीचा एक शब्द: उजव्या अर्ध्यात इतकी भाषा असलेले रुग्ण थोडेच होते. सगळ्यांवरून सरसकट बोलता येत नाही.

११. मी वाचलं की नव्या संशोधनात जाणीव एकच राहते असं सिद्ध झालं. मग वरचं सगळं रद्द?

रद्द नाही. २०१७ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या याइर पिंटो आणि सहकाऱ्यांनी सेतू कापलेल्या दोन रुग्णांना तपासलं. दृश्याच्या कुठल्याही बाजूला काही आलं तर, आलं का आणि कुठे आलं, हे दोघं कुठल्याही हातानं किंवा तोंडानं सांगू शकले. जुन्या पाठ्यपुस्तकांप्रमाणे हे व्हायला नको होतं. त्याच वेळी डावीकडचं चित्र आणि उजवीकडचं चित्र सारखं आहे का, हे मात्र त्यांना सांगता येईना. पिंटोंनी निष्कर्ष काढला: पाहणं दुभंगलेलं, जाणीव एक.

यावर आक्षेप आहेत. खालची केंद्रं जोडलेली असतात (प्रश्न १), त्यांच्यातून 'काही तरी आहे, इथे आहे' एवढी ढोबळ बातमी पलीकडे जाऊ शकते. प्रत्येक अर्धा आपल्याच बाजूच्या हातालाही थोडंफार हलवू शकतो. आणि अर्धे एकमेकांना बाहेरून खुणावतात. एका जुन्या प्रयोगात डाव्या बाजूला लाल की हिरवा दिवा लागला हे तोंडानं ओळखायचं होतं. तोंडानं चुकीचा रंग सांगितला की खरा रंग पाहिलेला उजवा अर्धा कपाळाला आठी घालायचा, मान हलवायचा, आणि ते जाणवून बोलणारा अर्धा उत्तर बदलायचा. एकाच चेहऱ्यावर एकानं दिलेली खूण दुसऱ्यानं ओळखली.

रुग्ण दोनच, आणि शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं गेलेली. मी हा अभ्यास मोलाचा मानते, पण त्यानं 'एक' सिद्ध झालं असं म्हणणार नाही. प्रश्न ९ मधलं 'कमीजास्त होणारं एकपण' त्याच्याशी चांगलं जुळतं.

१२. मुलाला 'राइट ब्रेन' क्लासला घालू का? 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' म्हणतात तेही.

नका घालू. डावा अर्धा हिशेबी आणि उजवा कलावंत, ही वाटणी स्पेरींच्या कामाची बाजारात उतरलेली विटकी नक्कल आहे. काही कामांत एका अर्ध्याचा हात वर असतो हे खरं, बोलण्यात डाव्याचा, चेहरे ओळखण्यात आणि जागेचा अंदाज घेण्यात उजव्याचा. पण माणसंच डाव्या किंवा उजव्या मेंदूची असतात, याला आधार नाही. २०१३ मध्ये युटा विद्यापीठात हजाराहून जास्त मेंदूंची चित्रं तपासली, तसा काही कल आढळला नाही.

मिडब्रेनचं तर नावच चुकीच्या जागी चिकटवलेलं. मिडब्रेन दोन अर्ध्यांच्या मधे झोपलेला नसतो, तो मेंदूच्या देठाचा भाग आहे आणि तुमचं मूल जन्मल्यापासून चालू आहे. या क्लासांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात. ती फट नीट बुजवली की वाचन थांबतं. मुलांना यात खोटं वागायला शिकवलं जातं, आणि पालक त्यासाठी हजारो रुपये मोजतात. मला याचा फार राग येतो.

१३. सेतू जन्मतःच नसेल तर? किंवा मेंदूचा अर्धा भागच काढून टाकला तर?

सेतू न घेता जन्मलेली माणसं असतात. काहींना शिकायला, माणसांचे इशारे समजायला जड जातं, काहींच्या बाबतीत हे तपासणीत योगायोगानं उघड होतं. प्रचंड स्मरणशक्तीसाठी प्रसिद्ध झालेले अमेरिकेतले किम पीक यांच्या मेंदूत सेतू नव्हता. अशा माणसांत प्रश्न ५ मधला 'तोंड एक, हात दुसरंच' असा प्रकार सहसा दिसत नाही. वाढत्या मेंदूला दुसऱ्या वाटा जोपासायला वेळ मिळालेला असतो.

काही गंभीर आजारांत लहान मुलांच्या मेंदूचा एक अर्धा काढतात किंवा पूर्ण तोडून ठेवतात. उलट बाजूचा हात कमजोर राहतो, दृश्याची एक बाजू जाते, पण मूल चालतं, हसतं, आणि लहान वयात झालं असेल तर डावा अर्धा गेल्यावरही बोलायला शिकू शकतं. म्हणजे एका अर्ध्यावर पूर्ण माणूस उभा राहू शकतो. मग दोन अर्धे सुटे झाल्यावर किती, असं तुमचं मन विचारणारच. प्रश्न ९ चं कोडं इथून आणखी घट्ट होतं.

१४. आत्म्याचे दोन भाग होतात का? आपल्या ग्रंथांत याचं उत्तर नाही का?

हा प्रश्न मला देवळाच्या ओवरीत बसलेल्या एका आजोबांनी विचारला होता आणि फार मनापासून विचारला होता. शस्त्रक्रियेनं आत्म्याबद्दल काही सिद्ध होत नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. मोजली जाते ती कृती, हाताची आणि तोंडाची.

उपनिषदातले एका झाडावरचे दोन पक्षी अनेक जण सांगतात: एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. उपमा सुंदर आहे, पण इथे बसत नाही. दुभंगलेल्या मेंदूत दोघेही खाणारे आहेत, साक्षी कुणीच नाही. जवळची वाटते ती मिलिंद राजाला बौद्ध भिक्खू नागसेनानं दिलेली रथाची उपमा. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जोखड रथ नव्हे, आणि तरी रथ आहे. तरी 'आपल्याकडे हे आधीच माहीत होतं' असं मी म्हणत नाही. त्यांचा प्रश्न दुःखातून सुटण्याचा होता, स्पेरींचा तंतूंचा.

१५. मी डावखुरा आहे. माझं सगळं उलटं का?

बहुधा नाही. उजखुऱ्यांत साधारण ९५ टक्के जणांची भाषा डाव्या अर्ध्यात असते, डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांची तिथेच. उरलेल्यांत उजवीकडे किंवा दोन्हीकडे वाटलेली. शस्त्रक्रियेआधी खात्री करायला वाडा चाचणी करत आले आहेत, जपानमध्ये जुन वाडा यांनी काढलेली. एका बाजूच्या धमनीतून गुंगीचं औषध देऊन तो अर्धा काही मिनिटं झोपवतात आणि बोलणं थांबतं का बघतात.

१६. उलट प्रकार असतो का, दोन माणसं आणि मधे सेतू?

असतो, फारच विरळा. कॅनडात २००६ मध्ये डोक्यानं जोडलेल्या दोन बहिणी जन्मल्या, त्यांच्या मेंदूंच्या खोल भागांत एक जोड आहे. एकीच्या डोळ्यांसमोर धरलेल्या वस्तूचं दुसरीला कळतं, असं घरच्यांनी आणि डॉक्टरांनी सांगितलं आहे. तरी दोघींच्या आवडी वेगळ्या, हट्ट वेगळे, नावं वेगळी. जोड असूनही दोन.

१७. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लोक म्हणतात त्यांना काही कळत नाही. खरंच आत कुणी नाही का?

हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण याच्यामुळेच मी बाकीचे लिहायला बसले. माझ्या तात्यांना असाच झटका आला होता, डाव्या अर्ध्यात. दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी उभं राहून एका कर्मचाऱ्यानं मला विचारलं, "ह्यांचं आता पुढे काय करायचं ठरवलंय?" नातेवाईकही त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलत. तात्यांच्या डाव्या हाताची मूठ चादरीत आवळली जायची. ते मी पाहिलं, कारण प्रश्न ५ मधला हात मी आयुष्यभर शिकवला होता.

डाव्या अर्ध्याला इजा झाली की शब्द सापडत नाहीत, काहींना ऐकलेलंही नीट उमगत नाही. किती कळतं हे माणसागणिक वेगळं असतं आणि तपासावं लागतं. पण चेहरे, सूर, आपुलकी, अपमान यांची जाण बऱ्याचदा शाबूत असते. तोंडपाठ गोष्टीही अनेकदा वाचतात: मोजणी, शिव्या, आरत्या. चार महिने तात्यांना 'पाणी' म्हणता आलं नव्हतं. चैत्राच्या यात्रेहून शेजाऱ्यांनी गुलाल आणला, मी त्यांच्या कपाळाला लावला आणि सवयीनं म्हटलं, ज्योतिबाच्या नावानं. तात्या स्वच्छ म्हणाले, "चांगभलं!" आणि स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले.

तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञ लवकर गाठा. सुरावर शब्द बसवून बोलतं करण्याची पद्धतही आहे, तिच्याबद्दल विचारा. घरी एका वेळी एकच गोष्ट विचारा, उत्तर हो-नाहीत येईल अशी. ते चुकीचा शब्द बोलले तर डोळे आणि हात काय म्हणतात ते बघा. पेला, चष्मा, शाल समोर धरा, बोट दाखवू द्या. उत्तर यायला मिनिट लागलं तर मिनिटभर थांबा. आणि त्यांच्याबद्दल जे काही ठरवायचं असेल ते त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे बघत, त्यांना विचारून ठरवा.